रवानगी आणि पैवस्ती

मुलुंड चेकनाक्यावर रिक्षात बसलं आणि चालक जुना असला, तर तो अजून विचारतो, "हायवेनं घेऊ का आग्रा रोडनं?" पाटीवर लालबहादूर शास्त्री मार्ग लिहिलेलं असतं, पत्त्यात एलबीएस असतं, तोंडात मात्र आग्राच. लहानपणी माझी समजूत होती की भांडुपच्या पलीकडे कुठंतरी आग्रा नावाची वाडी असणार. हा रस्ता खरोखरच आग्र्याला जातो, हे कळलं ते कसाऱ्याच्या घाटात आमची गाडी बंद पडली त्या रात्री. तीन तास दरीकडेच्या कठड्यावर बसून मी धुळ्या-इंदुराकडे निघालेले ट्रक मोजत होतो. शीव, कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड, ठाणे, मग खाडी ओलांडून शहापूर, कसारा, थळघाट, इगतपुरी, नाशिक आणि पुढं माळवा. सगळा एकच रस्ता.

पश्चिमेकडेही तोच प्रकार. ज्याला आपण एस. व्ही. रोड म्हणतो त्याला अंधेरी-बोरिवलीची जुनी माणसं घोडबंदर रोड म्हणत, कारण वांद्र्याहून निघालेला तो रस्ता साष्टीच्या उत्तर टोकाला, घोडबंदरच्या खाडीपाशी संपायचा. उपनगरांतल्या या दोन्ही जुन्या रस्त्यांना नावं मिळाली ती त्यांच्या लांबच्या टोकांची. वाटेत कोण राहतं याच्याशी रस्त्याला कर्तव्य नव्हतं. घाटकोपर हे नाव 'घाटाचा कोपरा' यावरून पडलं असं लोक सांगतात. व्युत्पत्ती खरी असो नसो, डोंगराचा विचार केल्याशिवाय या भागाला स्वतःचं नावही सांगता येत नाही.

हे पुस्तक त्या डोंगरावरून गेलेल्या टपालाबद्दल आहे. डोंगर म्हणजे सह्याद्री, टपाल म्हणजे कोकणपट्टी आणि देश यांच्यामध्ये साधारण दोन हजार वर्षं वर-खाली होत राहिलेला निरोप. तो कधी तोंडी गेला, कधी लखोट्यात, कधी सरकारी थैलीत, कधी सावकाराच्या कासिदाच्या कंबरेला. पण मुख्यतः पुस्तक आहे ते एका छोट्या शेऱ्याबद्दल, तेव्हा आधी तो दाखवतो.

पेशवाईतलं कुठलंही छापील पत्र उघडा. मायना, मजकूर, शेवटी 'रवाना' आणि तारीख. मग बहुतेकदा वेगळ्या हातानं, कोपऱ्यात किंवा पाठीवर लिहिलेलं 'पै॥' आणि त्यापुढं 'छ' घालून चंद्राची तारीख. पै॥ म्हणजे पैवस्ती, पत्र पोहोचलं तो दिवस. इतिहास वाचणारे मजकुरावर तुटून पडतात आणि या शेऱ्यावरून नजर उचलतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पण रवानगी आणि पैवस्ती या दोन तारखांमध्ये जे दिवस उरतात तोच रस्ता असतो. खाडीत भरतीची वाट पाहणं त्यात आहे, घाटात कोसळणारा पाऊस आहे, चौकीवर अडवणूक आहे, पायात मोडलेला काटाही आहे. पत्रातल्या मजकुराचा इतिहास आपल्याकडं भरपूर लिहिला गेला. पत्राच्या उशिराचा इतिहास कुणी सलग लिहिलेला नाही, आणि घाटाचा खरा इतिहास त्या उशिरात आहे, असं माझं मत होत गेलं.

ज्यांना हा विषय अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो.

सह्याद्रीची कोकणाकडची बाजू भिंतीसारखी आहे. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना काही किलोमीटरांत जवळपास पाचशे मीटर चढावं लागतं. ही भिंत फोडणाऱ्या लहानमोठ्या वाटा शेदोनशे तरी असतील, पण मुंबईच्या बाजूनं विचार केला तर टपालाच्या कामाच्या तीन. जुन्नर आणि कल्याण जोडणारा नाणेघाट सर्वांत जुना. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे आणि त्यात जकातीची नाणी टाकत अशी समजूत आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून वर जाणाऱ्या मालाच्या वाटेवर अशी लेणी उभी राहिली. बोरिवलीच्या डोंगरातल्या कान्हेरीत कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांचे लेख आहेत, म्हणजे उपनगरांचा घाटाशी व्यवहार लोकल येण्याच्या बराच आधीचा. दुसरा बोरघाट, पुण्याचा. तिसरा थळघाट, नाशिकचा. दक्षिणेकडं कुंभार्ली, आंबोली, रामघाट असे आणखी कितीतरी. गोव्याच्या पोर्तुगीज दरबाराशी मराठ्यांचा पत्रव्यवहार दक्षिणेकडच्या वाटांनीच चाले, आणि तो डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून उजेडात आणला. त्या वाटांना या पुस्तकात मी जागा कमी दिली आहे. कारण सरळ आहे, मला त्या पायाखालच्या नाहीत.

डोंगर हा डोंगर होताच, पण सरहद्दही होता का? एका काळापुरता होता, आणि तोच काळ आमच्या दृष्टीनं सर्वांत मजेचा. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा साष्टी मराठ्यांकडं आलेली होती. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची गेली. म्हणजे आजचं मुलुंड कंपनीच्या मुलखाच्या काठावर आलं. पुढं १७८६ पासून चार्ल्स मॅलेट पुण्यात कंपनीचा वकील म्हणून बसला. त्याची पत्रं मुंबईला जायची ती पेशव्यांच्या मुलखातून, पेशव्यांच्या घाटातून, पेशव्यांच्या परवानगीनं. पुण्याहून तळेगाव, वडगाव, खंडाळा, खोपोली, चौक, पनवेल आणि तिथून होडीनं मुंबई. शत्रूचं टपाल आपल्या रस्त्यावरून जाऊ द्यायचं, त्यात काय लिहिलंय याची उत्सुकताही असायची आणि तरी थैली सहसा अडवायची नाही, असा हा विलक्षण संकेत. त्याआधी, १७७९च्या जानेवारीत, युद्धात हीच वाट एकदा तुटली कशी, हेही पाहण्यासारखं आहे. कंपनीची फौज बोरघाट चढून वर आली आणि मराठ्यांनी तिच्या मागची वाट तोडली. वडगावला इंग्रजांना शरणागती पत्करावी लागली त्यात महादजी शिंद्यांच्या डावपेचांइतकाच या तुटलेल्या वाटेचा हात होता. रसद आली नाही आणि खबरही आली नाही.

एक गंमत सांगायची राहते. १८१७च्या जूनमध्ये पुणे करारानं उत्तर कोकण कंपनीकडं गेलं, आणि नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली. त्या मधल्या पाच महिन्यांपुरता सह्याद्रीचा कडा हाच दोन राज्यांमधला अक्षरशः काठ होता. खोपोली एका राज्यात, खंडाळा दुसऱ्या. या पाच महिन्यांतली पैवस्ती जमवण्यासाठी आम्ही जेवढे कष्ट घेतले तेवढे बाकी अर्ध्या पुस्तकासाठी घेतले नाहीत. हाती फार आलं नाही, पण जे आलं ते दिलं आहे.

आता ते निरोपे कोण होते याकडं वळू. पत्रांमध्ये शब्द बरेच येतात : जासूद, हलकारा, कासीद, सांडणीस्वार, डाकवाला. जासूद या शब्दात निरोप्या आणि हेर दोन्ही दडलेत. पत्र नेणारा माणूस वाटेत डोळे मिटून चालत नसे हे त्याकाळच्या लोकांना इतकं उघड होतं की त्यांनी दोन शब्द केलेच नाहीत. जासूद जोडीनं जात, म्हणून पत्रांत 'जोडी पाठवली' अशी सुटसुटीत भाषा येते. ठरलेल्या मजुरीवर ठरलेल्या दिवसांत पोहोचण्याच्या बोलीनं निघणारे ते अजुरदार. आणि मोठ्या मोहिमेत जागोजाग माणसं किंवा घोडी ठेवून थैली हातोहात पुढं सरकवायची, तिला म्हणत 'डाक बसवणं'. हा शब्दप्रयोग मला फार आवडतो. डाक धावत नसे, ती बसवावी लागे. माणसं ठिकठिकाणी बसलेली आणि कागद तेवढा धावतोय.

चौदाव्या शतकात इब्न बतूतानं हेच पाहिलं. तुघलकाच्या काळात पायी डाकेचे टप्पे एका मैलात तीन इतके जवळ होते आणि सुलतान दौलताबादेस असताना चाळीस दिवसांच्या वाटेवरून त्याच्यासाठी गंगेचं पाणी आणलं जाई, असं तो लिहितो. तिकडं युरोपात आल्प्सच्या पोटात बेर्गामोजवळच्या एका खेड्यातलं तास्सीस घराणं १४९० साली इन्सब्रुक ते मेखेलन अशी डाक बसवत होतं. त्या डाकेच्या थैलीबरोबर एक चिठ्ठी फिरे आणि प्रत्येक टप्प्यावर थैली किती वाजता आली याची नोंद तिच्यावर होई. वाचून मी हसलो. त्यांच्याकडं तासांची पैवस्ती, आपल्याकडं चंद्राची.

राजाच्या डाकेशेजारी सावकाराची डाकही होतीच, आणि ती पुष्कळदा पुढं असे. पानिपतचं युद्ध झालं १४ जानेवारी १७६१ला. नानासाहेब पेशवे तेव्हा माळव्यात भेलशाच्या आसपास होते. त्यांना पराभवाची पहिली बातमी कळली ती दहाएक दिवसांनी, सावकारी कासिदाच्या पत्रातून, मोती गळाल्याच्या आणि मोहरा हरवल्याच्या सांकेतिक भाषेत. ते पत्र शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि सगळे त्या भाषेवर थबकतात. मला विचारावंसं वाटतं, स्वतःच्या फौजेचा जासूद कुठं होता? सावकाराची डाक आधी कशी पोहोचली? बाजारभावाची बातमी एक दिवस आधी मिळाली तर फायदा किती, हे पेढीला रुपयांत माहीत असे. पुढं माळव्यातली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जाऊ लागली तेव्हा या खासगी डाकेला आणखीच भाव आला. आग्रा रोडवरून सरकारी थैलीच्या पुढं सावकाराचा माणूस पळे.

१८१८ नंतर घाटाची दोन्ही अंगं एका अमलाखाली आली आणि रस्त्याचा स्वभाव बदलला. बोरघाटात १८०४ साली आर्थर वेलस्लीनं तोफा चढतील एवढी वाट करवून घेतली होती. १८३०च्या नोव्हेंबरात गव्हर्नर जॉन माल्कमनं गाडीरस्ता खुला केला आणि स्वतः बग्गीतून खाली उतरला. इकडं साष्टीत गव्हर्नर डंकननं शीवचा बांध घालून मुंबई बेट कुर्ल्याशी जोडलं होतं आणि १८४५ साली अवाबाई जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून माहीमचा बांध झाला. म्हणजे फोर्टातून निघालेली थैली घाटाच्या पायथ्यापर्यंत पाय न भिजवता जाऊ लागली, ठाण्याची खाडी तेवढी मध्ये राहिली.

१८३७च्या कायद्यानं टपाल नेण्याचा मक्ता सरकारनं स्वतःकडं घेतला. महाजनी डाक कागदोपत्री बेकायदा झाली, प्रत्यक्षात बराच काळ चालू राहिली. दर अंतरावर होता आणि कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाला रुपया पडे. मग आलं १८५४. पाव तोळ्याला अर्धा आणा, अंतर कितीही असो. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोठी घटना हीच, रेल्वेपेक्षाही मोठी. कारण त्या दिवशी सह्याद्री दरपत्रकातून नाहीसा झाला. पनवेलच्या माणसाला खोपोलीला पत्र धाडायला जे पडे तेच पुण्याला, तेच पेशावरला. घाट चढणाऱ्याच्या पायाला मात्र या सुधारणेची खबर नव्हती, त्याला घाट होता तेवढाच उंच होता.

त्याआधी दोन वर्षं, जुलै १८५२ मध्ये, सिंध प्रांतात बार्टल फ्रिअरनं 'सिंद डाक' नावाची तिकिटं काढली होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तोच फ्रिअर पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्याच हस्ते १८६३ साली बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. हे दोन्ही धागे एका माणसाच्या हातात असावेत याचं मला कायम कौतुक वाटतं.

लोहमार्गाची कल्पना मात्र आमच्या भांडुपची! मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आलेले असताना ठाणे, कल्याण आणि पुढं थळ व बोरघाटापर्यंत रेल्वे न्यावी असं त्यांना प्रथम सुचलं, अशी नोंद आहे. १८५३ला गाडी ठाण्यापर्यंत गेली, १८५६ला खोपोलीपर्यंत, १८५८ला वरच्या अंगानं पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आली. मधली पाच वर्षं खंडाळा आणि खोपोली यांच्यामध्ये आगगाडी नाही. लोक पालखीत, तट्टावर, गाडीत बसून घाट उतरत आणि टपालाच्या थैल्याही त्याच रस्त्यानं. या पाच वर्षांसारखा काळ पुन्हा आला नाही. दोन्ही टोकांना वाफेचं इंजिन आणि मध्ये खांद्यावर थैली टाकलेला माणूस. त्याच डोंगरात बोगदे खणायला चाळीस हजारांच्या घरात मजूर राबत होते. १८६५ला थळघाटही झाला, आणि पायी डाक मुख्य रस्त्यावरून हटून आडगावांकडं गेली. तिथं ती पुढं शंभर वर्षं टिकून होती हे लोक विसरतात.

या माणसांचं चित्र म्हटलं की घुंगरांची काठी येते. खोटं नाही ते, काठीला घुंगरू असे, जनावर पळावं आणि पुढच्या टप्प्याचा माणूस सावध व्हावा म्हणून. पण ते चित्र इतकं गोड झालंय की त्यामागची नोकरी दिसत नाही. जव्हार ते जुन्नर पट्ट्यातल्या घाटांची राखण महादेव कोळ्यांकडं वंशपरंपरेनं होती. इंग्रजी अमलात ती राखणदारी आणि हक्क गेले, आणि त्याच मुलखातून राघोजी भांगरे उठला. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. गावपातळीवर सरकारी कागद आणि वसुलाची रक्कम तालुक्याला पोहोचवणं हे महार वतनाचं काम, दिवस असो रात्र असो, मोबदला जवळजवळ नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात जे वतन बिल मांडलं ते या बिनपगारी चालण्याविरुद्धही होतं. टपालाच्या इतिहासाच्या पुस्तकात ते बिल सहसा सापडत नाही. या पुस्तकात ते आहे, आणि माझ्या लेखी ते तिकिटांच्या इतिहासाहून जवळचं आहे.

या विषयावर आधी कुणी काय लिहिलं? सर्वांत आधी राजवाडे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड १८९८चा आणि तो पानिपताच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा. गावोगाव हिंडून कागदांचे रुमाल गोळा करणाऱ्या या माणसानं पै॥ आणि छ गाळले नाहीत, छापले. आमचं निम्मं काम त्यामुळं झालं. खरेशास्त्री, पारसनीस, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, मग १९३० ते ३४ दरम्यान सरदेसाईंनी पेशवे दप्तरातून काढलेले ४५ भाग, आणि जदुनाथ सरकारांबरोबर संपादलेली पुणे रेसिडेन्सीची पत्रं, असा हा घरचा प्रवाह. त्याला रस्त्यात फारसा रस नव्हता. त्याला राजकारण हवं होतं.

दुसरा प्रवाह सरकारी. कॅम्पबेलच्या ठाणे आणि पुणे गॅझेटियरांत घाटांच्या याद्या आहेत. कुठला घाट बैलाला चालतो, कुठला नुसत्या माणसाला, पाणी कुठं, असं सगळं. १९२१ साली टपाल खात्याचे प्रमुख जेफ्री क्लार्क यांनी खात्याची कहाणी लिहिली. ती वाचनीय आहे, पण ती साहेबाच्या मेजावरून पाहिलेली कहाणी आहे, चढावर धाप लागलेल्याची नव्हे. तिसरा प्रवाह तिकीटवाल्यांचा. मुंबईतल्या तिकीटसंग्राहकांनी जुन्या पाकिटांवरचे शिक्के भिंगाखाली धरून कुठलं पाकीट कुठल्या वाटेनं गेलं ते ठरवलं. इतिहासकारांनी त्यांना छांदिष्ट म्हणून बाजूला ठेवलं, ही मोठी चूक झाली. पैवस्तीचा शेरा आणि पोस्टाचा शिक्का ही एकाच कामाची दोन रूपं आहेत, आणि शिक्का नीट वाचायला ते शिकले.

चौथे चालणारे. यांत मी दामोदर कोसंबींना आधी ठेवतो. पुण्यात राहून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी करणारे हे गणिती डेक्कन क्वीननं रोज घाट उतरत आणि सुट्टीत त्याच घाटातल्या जुन्या वाटा, लेणी आणि देवींची ठाणी पायी धुंडाळत. लेणी व्यापारी वाटेवरच का आहेत हे त्यांनी पायांनी सिद्ध केलं. झां दलॉशचा रेल्वेपूर्व भारतीय वाहतुकीवरचा ग्रंथ, हरीश कापडियांचं १९७७चं सह्याद्रीवरचं पुस्तक, आनंद पाळंदे यांचं 'डोंगरयात्रा' ही या कुळातली. अलीकडं सी. ए. बेलींनी बातमीच्या जाळ्यावर आणि चित्रा जोशींनी थेट डाक-रस्ते आणि डाक घेऊन धावणाऱ्यांवर लिहून विषयाला अभ्यासाची शिस्त दिली, पण त्यांचा भर उत्तरेवर आहे. सह्याद्री मोकळाच राहिला.

तो मोकळा राहण्याचे दिवस आता फार नाहीत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५च्या जूनमध्ये खुला झाला आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून थळघाट काही मिनिटांत मागं पडू लागला. गोरेगाव आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाखालून बोगदे निघताहेत. डोंगर दिसणारच नाही अशा बेतानं आपण प्रवास करायला लागलो आहोत. दुसरीकडं २०१३च्या जुलैत तार बंद झाली आणि २०२५ साली रजिस्टर पत्र स्पीड पोस्टात विलीन झालं. आपल्या पिनकोडचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, संस्कृतचे पंडित. १९७२च्या स्वातंत्र्यदिनी आलेल्या त्या पद्धतीत मुलुंड पश्चिमेला ४०००८० मिळालं. आज तो आकडा लोक पत्रासाठी वापरत नाहीत, पार्सल मागवायला वापरतात. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडीतून नाणं टाकणारे मात्र अजून आहेत. साहेबाला घाटाची वाट दाखवणाऱ्या आणि त्यापायी जीव गमावलेल्या धनगराचं ते देऊळ, अशी आख्यायिका आहे. वाट दाखवणाऱ्याला भाडं देण्याची ही एकच पद्धत उरलेली दिसते.

हे पुस्तक कुणा एकाचं नाही. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीतले आम्ही आठ-नऊ जण. एक बाई मोडी सफाईनं वाचतात, एकानं रेल्वे डाकेत रात्रपाळ्या केल्या आहेत, दोघं घाटवाटांचे वेडे, एक बँकेतला तिकीटसंग्राहक. इतिहासाची पदवी एकालाच, आणि तो सर्वांत कमी बोलतो. आम्ही ठरवलं की प्रत्येक पत्राचा मजकूर बाजूला ठेवायचा आणि फक्त पाच गोष्टी लिहायच्या : कुठून, कुठं, रवाना कधी, पैवस्त कधी, कुणी आणलं. मग ती वाट शक्य तिथं स्वतः चालायची.

एका श्रावणात आम्ही घाटघरहून नाणेघाटानं खाली वैशाखऱ्याला एक पोस्टकार्ड नेलं. पावसापासून जपायचं म्हणून एकानं ते मेणकापडात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. दगडी पायऱ्यांवरून पाणी ओढ्यासारखं वाहत होतं आणि आम्ही चाललो कमी, घसरलो जास्त. खाली पोहोचून पुडकं उघडलं तर पावसाचा थेंब आत गेला नव्हता. पण कार्ड चिंब, शाई पसरलेली, पत्ता गेलेला. घामानं. अंगाच्या वाफेला मेणकापडातून बाहेर पडायला वाटच नव्हती. रेल्वे डाकेतले आमचे काका म्हणाले, "म्हणून थैली पाठीवर, बाहेरच्या अंगाला." एवढं साधं, पण कुठल्या ग्रंथात वाचलेलं नव्हतं. काजळ-डिंकाच्या शाईनं लिहिलेली, फरांट्यांची शेकडो मोडी पत्रं आम्ही पाहिली होती आणि प्रत्येक वेळी पावसालाच दोष दिला होता. त्यानंतर पुस्तकातलं एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

वाचकानं तारखांबाबत थोडी सवलत द्यावी. शुहूर सन सूर्य मृगात जातो तेव्हा बदलतो, महिने मात्र चंद्राचे. त्यामुळं सनात ५९९ मिळवायचे की ६०० यावरून आमच्यात भांडणं झाली. एका पत्राची पैवस्ती रवानगीच्या आधीची निघाली तेव्हा तर चहा गार झाला. चुका राहिल्या असतील. जिथं दोन दिवसांची शंका होती तिथं दोन्ही दिवस दिले आहेत.

परिशिष्टातल्या तक्त्याबद्दल एक खुलासा. शेवटचा रकाना 'कुणी आणलं' असा आहे. छपाईच्या वेळी सुचवण्यात आलं की तो काढून टाकावा, कारण तो जवळजवळ रिकामा आहे आणि पानाची रुंदी खातो. कुठं 'जोडी' एवढंच आहे, कुठं 'अजुरदार', कुठं नुसती रेघ. चार-पाच ठिकाणी नाव आहे आणि त्यातलंही एक अर्धं फाटलेलं. आम्ही बाकीचे रकाने अरुंद केले, अक्षर लहान केलं आणि तो रकाना होता तेवढाच रुंद ठेवला.